खळ्यात गप्प बसायचं नाय

लग्न होऊन मी चिंचणीला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका, एक वळकटी आणि भरपूर राग होता. ट्रंका आणि वळकटी नवऱ्याने बोईसर स्टेशनवर उतरवून घेतली. राग त्याला दिसला नाही, कारण मी नव्या नवरीसारखी खाली मान घालून बसले होते.

रागाचं कारण त्याने गाडीतच सांगितलं होतं. नवरा तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर होता. साठच्या दशकातली ती मधली वर्षं. लग्न ठरताना आमच्या नगरकडच्या गावात एकच बोलणं होतं, सरकारी काम, वसाहतीत पक्की क्वार्टर, घरात नळ आणि डोक्यावर पंखा. माझी आई ती क्वार्टर न बघताच अख्ख्या आळीला दाखवून बसली होती. आणि विरार मागे पडल्यावर हा गृहस्थ खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भिंती अजून गुडघ्याएवढ्याच आल्यात. तोवर चिंचणीला एक खोली घेतलीय. माणसं फार चांगली आहेत."

माणसं खरंच चांगली होती. मासेमाराचं घर होतं ते, कौलारू, समुद्राकडे तोंड केलेलं. पुढची खोली आमची, मागचं सगळं घर त्यांचं. घरधनी होडीवर जाई. घरमालकीण पन्नाशीची, उंच, काळीसावळी, मान ताठ. जन्मभर डोक्यावर टोपली वाहिल्यामुळे टोपली नसतानाही ती असल्यासारखीच चालायची. मी तिला मावशी म्हणू लागले. तिची एक गंमत होती. कुणावर चिडली की ती त्या माणसाशी बोलत नसे, अंगणातल्या कोंबडीशी बोले. घरधन्याने पाणी भरलं नाही तर कोंबडीला विचारे, "का गो, तुझे हात मोडले काय?" बिचारी कोंबडी दाणे टिपायची थांबून तिच्याकडे बघत राही.

मी मात्र ठरवून टाकलं होतं की इथे आपल्याला सुखी व्हायचं नाही. सुख क्वार्टरमध्ये गेल्यावर. मोठी ट्रंक मी उघडलीच नाही. आईने दिलेली नवी भांडी, भरतकामाचा पलंगपोस, दोन चांगली लुगडी, सगळं कुलपात. एका पातेल्यात भात आणि त्याच पातेल्यात नंतर आमटी. खिडकीला पडदा लाव म्हणून नवऱ्याने सांगितलं, तर म्हटलं, क्वार्टरमध्ये लावू. फिरायला चल म्हणाला, तर म्हटलं, क्वार्टरमध्ये गेल्यावर. एकदा त्याने सहज विचारलं, "हसायचंही तिकडेच का?" तर मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

दिवसभर करायचं काय? आमच्या घरी मासे कुणी खात नसे, आणि इथे हवा, पाणी, वाळत घातलेले कपडे, सगळ्याला मासळीचा वास. दुपार कलली की मी उंबऱ्यात बसून साइटवरच्या ट्रकची वाट बघायची. हनुवटी हातावर, डोळे रस्त्यावर. मावशी जाता येता बघे. एक दिवस मला तिथे पाहून ती कोंबडीकडे वळली आणि म्हणाली, "बाय, उंबऱ्यात बसून वाट बघायची नाय. आमच्यात असं बसत नाय कोणी." मला कळलं, पण कोंबडीला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला नकला येत. लहानपणापासून. शाळेतले मास्तर, देवळातला गुरव, पिठाच्या गिरणीवाला, पाहुण्या म्हणून येणाऱ्या आत्या, ज्याला दोनदा बघितलं तो माझ्या अंगात शिरायचा. वडील पेपराआड तोंड लपवून हसायचे. आई कधी हसली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने मला माजघरात बोलावलं आणि सांगितलं, "हे आता बंद. सासरी कुणाची नक्कल केलीस तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." मी बंद केलं. इतकं बंद केलं की नवऱ्याला वाटे, आपल्या पदरात गरीब गाय पडली आहे.

होळी झाली आणि मला कुरडयांची आठवण झाली. आमच्याकडे त्या दिवसांत घराघरात वाळवणं असत. म्हटलं, निदान हे तरी आपल्या गावासारखं करू. गहू भिजवले, चीक काढला, शिजवला, सोऱ्यातून चटईवर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या. ऊन भरपूर हवं म्हणून जागा शोधली ती घरामागची मोकळी जागा. तिला ही माणसं खळं म्हणत. आमच्याकडे खळ्यावर ज्वारी मळतात, इथे खळ्यात मासळी सुकत असे. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर बोंबलांच्या रांगाच रांगा. त्यांच्यापासून लांब, कोपऱ्यात, मी माझी चटई अंथरली. वारा कुठून कुठे वाहतो हे बघायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात वाऱ्याने फार तर धूळ येते.

कुरडया कडकडीत वाळल्या. मी मोठ्या हौसेने तळल्या, नवऱ्याच्या ताटात फुललेली कुरडई ठेवली. त्याने एक घास घेतला, चावता चावता थांबला आणि फार सांभाळून विचारलं, "ही कशाची आहे?"

मी खाऊन बघितली. गव्हाची कुरडई, पण चव बोंबलाची.

त्या संध्याकाळी मी खूप रडले. रडण्याचं कारण कुरडई नव्हतं हे नवऱ्याला कळलं असावं, कारण तो हसला नाही. मी आईला पोस्टकार्ड लिहिलं, 'मला येऊन घेऊन जा. क्वार्टर मिळेपर्यंत मी तिकडेच राहीन.' लिहिलेलं त्याला दाखवलं. तो वाचून म्हणाला, "जायचं तर जा. पण परत येशील ना?" ते कार्ड त्यानेच दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं.

कुरडयांचा डबा टाकवेना आणि ठेववेना. शेवटी तणतणत खळ्यात घेऊन गेले आणि मावशीपुढे आदळला. मावशी आणि तिच्या शेजारपाजारच्या बायका ताज्या बोंबलांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. मावशीने एक कच्चीच कुरडई मोडून तोंडात टाकली. मग डोळे मिटले. मग म्हणाली, "अगो, ही तर आमची झाली!" लगेच कुणीतरी चूल पेटवली, तेल ठेवलं आणि माझ्या त्या कुरडया बायकांनी अशा खाल्ल्या की मला डब्याच्या तळाशी चुरासुद्धा उरला नाही. एक जण म्हणाली, "दर साली करायच्या हां." मला हसू येत होतं, पण क्वार्टरच्या आधी हसायचं नाही म्हणून मी ओठ घट्ट मिटून धरले.

जायला वळले तर मावशीची सासू बोलली. ही म्हातारी खळ्याची मुकादम, दिसायला मूठभर. "आली हायस तर बस. कावळे हाकल." कावळे हाकलायला माझी हरकत नव्हती. मी काठी घेऊन बसले.

तेव्हा मला त्या खळ्याची रीत कळली. गावात दुसरीकडे असं होतं का मला माहीत नाही, पण मावशीच्या खळ्यात होतं. होड्या समुद्रात असेपर्यंत खळ्यात कुणी गप्प बसायचं नाही. म्हातारीचं म्हणणं असं की गप्प बसलेली बाई वाट बघायला लागते, आणि वाट बघणारीचे हात थांबतात. मग मासळीही कुजते आणि बाईही. म्हणून हात चालू आणि तोंड चालू. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी दोरीवर टांगायची आणि एकीने काहीतरी सांगायचं. गाणं, कोडं, नवऱ्याची चहाडी, काहीही. एकीचं झालं की दुसरी. ज्यांची माणसं पाण्यावर आहेत त्या बायका इतक्या मोकळ्या हसतात हे बघून मी पहिल्या दिवशी मनातून जरा नाकच मुरडलं. इतकी काळजी असताना हसतात कशा या?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. का ते सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशीही गेले. मग एका दुपारी म्हातारीने काठीकडे बोट केलं. "कावळेवाली. आज तू सांग."

"मला काही येत नाही," मी म्हटलं.

"काय येत नाय असं कोणी नसतं."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला गाणं येत नव्हतं, त्यांची कोडी कळत नव्हती. एकच गोष्ट येत होती आणि तिला बंदी होती. मी उठले ती जायला म्हणून उठले, खरंच. पण उभी राहिले आणि माझी मान आपोआप ताठ झाली. डोक्यावर नसलेली टोपली मी एका हाताने सावरली. दुसरा हात कमरेवर गेला. खळ्यात मासळीवर टपलेली मावशीची कोंबडी होती, तिच्याकडे वळून मी म्हटलं, "का गो, उंबऱ्यात बसून कोणाची वाट बघतेस? तुझा कोंबडा काय तारापूरला कामाला हाय?"

एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं, संपलं. घरमालकिणीची नक्कल, तिच्याच खळ्यात, तिच्याच सासूपुढे. आता संध्याकाळी ट्रंका रस्त्यावर.

मावशी माझ्याकडे एकटक बघत होती. हातात बोंबील तसाच. मग ती म्हणाली, "मी अशी बोलते?"

"अशीच बोलतेस," म्हातारी म्हणाली आणि तिचं बोळकं असं उघडलं की मला तिच्या घशापर्यंत दिसलं. मग बायका हसल्या. एक जण तर बोंबलांच्या ढिगावर आडवी झाली. मावशी सगळ्यात शेवटी हसली, पण सगळ्यात जास्त वेळ हसली, आणि डोळे पुसत म्हणाली, "पुन्यांदा कर."

मी पुन्हा केली. मग बाजारात येणारा बांधकामावरचा गोरा साहेब केला, सुका बोंबील शेपटीला धरून दूर नेऊन हुंगतो तो. मग एस.टी.चा कंडक्टर केला, मग आमच्या गावचा गुरव केला, ज्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, तरी हसल्या. मी घामाघूम झाले. घसा बसला. आणि मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, इतकं हलकं, की मला स्वतःचाच राग आला. हे तर माझ्याजवळच होतं. नगरहून येताना ट्रंकेतसुद्धा भरावं लागलं नव्हतं. आणि मी बसले होते गवंड्याने भिंत उचलायची वाट बघत.

संध्याकाळी नवरा आला तर मी उंबऱ्यात नव्हते. तो घाबरून खळ्यात शोधायला आला आणि बांबूला टेकून उभा राहिला. मी त्याचीच नक्कल करत होते, साइटवरून आल्यावर चपला काढण्याआधी "चहा आहे का" असं चाचरत विचारण्याची. त्याच्या गरीब गाईने असं काही केलेलं त्याने प्रथमच पाहिलं. घरी जाताना तो वळून वळून माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मी इतका चाचरतो?" आणि दोघंही रस्त्यात हसत सुटलो.

त्या आठवड्यात मी मोठी ट्रंक उघडली. पलंगपोस बाजेवर अंथरला, खिडकीला लुगड्याचा तुकडा लावला. बोंबलाला हात लावायलाही शिकले. खात नव्हते, पण जोड्या मात्र झपाझप अडकवायची. वास येईनासा झाला, किंवा माझाच यायला लागला असेल.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. आईला दुसरं कार्ड लिहायचं. लिहिणार तरी काय? मी बरी आहे, कारण इथे बायकांना हसवते? जे बंद कर म्हणून तिने बजावलं होतं तेच? आज लिहू, उद्या लिहू करता करता चैत्र उजाडला आणि एका दुपारी आई येऊन उभी राहिली.

रेल्वे, एस.टी., धूळ, ऊन असा प्रवास करून ती एकटी आली होती. आमच्या खोलीला कडी, म्हणून आवाजाच्या दिशेने खळ्यापर्यंत आली. मी पाठमोरी होते. लुगडं खोचलेलं, हाताला मासळी, आणि अंगात तेव्हा आमचे मास्तर संचारले होते. समोरच्या बायका एकदम गप्प झाल्या म्हणून मी वळले. आई दोन दोऱ्यांच्या मधे उभी, नाकाला पदर, हातात पिशवी.

"तू रडत असशील म्हणून आले," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर राग होता की प्रवासाचा शीण, ते मला कळेना. मावशीने पुढे होऊन तिची पिशवी घेतली, हात धुऊन पाणी आणून दिलं आणि बसायला पाट मांडला. संध्याकाळी घरी आईने विषय काढला. परवाच्या गाडीने निघायचं, वडिलांना तसं सांगून आले आहे, वर्षभर राहा, क्वार्टर झाली की जावई येऊन नेतील. नवरा खाली मान घालून जेवत होता. "आणि ते खळ्यातलं," आई म्हणाली, "ते आता घरी गेल्यावर नको." मी म्हटलं, "आई, मी येणार की नाही ते मला ठरवू दे." असं मी तिला पूर्वी कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी खळ्यात निघाले तर ती मागोमाग आली. मला वाटलं, पहारा. नाकाला पदर लावून पाटावर बसली. माझी पाळी आली तेव्हा मी तिच्याकडे न बघता एक साधंसं कोडं घातलं. कुणी हसलं नाही. मग म्हातारीने आईकडे मान वळवली.

"बाय, तुमी पण सांगा. खळ्यात आल्यावर गप्प बसायचं नाय. होड्या बाहेर हायत."

"मला काही येत नाही," आई म्हणाली.

मी हसू दाबलं. म्हातारीने तेच उत्तर दिलं असतं, पण त्याआधीच आईने नाकावरचा पदर सोडला. मग तिने डाव्या तळहातावर आमटीचा थेंब घेतल्यासारखं केलं. तो जिभेला लावला. डोळे मिटले. खालचा ओठ हळूहळू पुढे आला. नाकातून एक लांब श्वास गेला. सगळं खळं थांबलं होतं. आणि मग, माझी मेलेली आजी, आईची सासू, हुबेहूब माझ्या आजीचा आवाज माझ्या आईच्या तोंडून आला, "हं. बरी झालीय." त्या 'बरी'त असं काही होतं की त्या आमटीला पुन्हा कुणी हात लावला नसता.

बायका कोसळल्या. त्यांना माझी आजी माहीत नव्हती, पण सासू माहीत होती. म्हातारी स्वतः सासू, ती तर मांडीवर थापा मारत होती. मी मात्र हसले नाही. मला हसता येईना. माझ्या आईचा चेहरा तेव्हा एका मुलीचा होता, आणि त्या मुलीला मी कधी भेटलेच नव्हते.

परत येताना वाटेत मी विचारलं, "आई, तुला येत होतं?"

"लग्नाच्या आधी येत होतं."

"मग सोडलंस का?"

"सोडलं कुठे?" ती म्हणाली. "चुलीपुढे बसून मनातल्या मनात रोज करायचे. तुझ्या आजीची, जावांची, तुझ्या वडिलांची. तोंडातून आवाज काढायचा नाही एवढंच. नाहीतर एवढी वर्षं काढली असती होय मी त्या घरात?"

मी तिचा हात धरला. निघण्याआधी म्हातारीने तिच्याही हातात चार बोंबील अडकवायला दिले होते, दोघींच्या हातांना सारखाच वास येत होता.

घरी आल्यावर मी सांगितलं की मी येणार नाही, मला इथेच राहायचं आहे. तिने वाद घातला नाही. पिशवीतून लुगडं काढून दोरीवर टाकलं, परतीच्या प्रवासासाठी घडी करून ठेवलेलं. मग नवऱ्याला हाक मारली आणि पोस्टकार्ड मागितलं. कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुझ्या वडिलांना कळव. मी आणखी काही दिवस इथेच राहते."

"कारण काय लिहू?" मी विचारलं. "माझी तब्येत बरी नाही म्हणून लिहू?"

आईने जरा विचार केला. "नको," ती म्हणाली. "खरं तेच लिही. लिही की मला इथे करमतंय."